उशिरा आलेली माणसं

प्रिय शेखर,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडत बसत नाही. तुझा शोधनिबंध वाचला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बुलडाणा जिल्ह्यात कोण मेलं आणि का, हे तू पुण्यात बसून शोधलंस. आमच्या दलित वस्त्यांत मृत्यू जास्त, कारण आमची माणसं आजार लपवतात आणि दवाखान्यात उशिरा येतात. वा! इतक्या मेलेल्यांना एका वाक्यात दोषी ठरवायला हुशारीच लागते.

मोताळ्याकडच्या गावांत घरोघरी जाऊन मुलाखती मी घेतल्या. तू एकदा आलास, चिखल पाहिलास आणि गाडीचं दार ओढून घेतलंस. तिथल्याच पुंजाजींनी मला सांगितलं होतं, बायकोला ऑटोत घालून ते एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहिले. सगळीकडे खाट नाही म्हणून फाटकावरूनच परत पाठवलं. ते सगळं मी तुला पाठवलं. त्यांचा हा दारोदार फिरण्यातला वेळ तू घरी बसून काढलेला वेळ म्हणून धरलास. फोनवर विचारलं तर म्हणालास, भावना बाजूला ठेव. एम.पी.एच.ला आपण सार्वजनिक आरोग्य शिकत असताना विषमतेवर तू तासन्‌तास बोलायचास आणि मला आवडायचास. तुला फक्त विषय आवडायचा, हे समजायला मला इतकी वर्षं लागली.

बाबांबद्दल मी आजवर एक शब्द काढला नाही. त्या एप्रिलमध्ये तू बुलडाण्यातल्या त्या खाजगी दवाखान्यात डॉक्टर होतास. मी सकाळीच फोन केला. तू म्हणालास, घेऊन ये, एक खाट रिकामी होतेय. आईनं आणि मी त्यांना आणलं, फाटकाशी भिंतीला टेकवून बसवलं. खाट खरंच रिकामी झाली. तिच्याकडे तुझे महादेवकाका गेले, आपल्या पायांनी चालत, काखेत पेपर धरून. खबरदारी म्हणून ठेवलंय, असं वॉर्डबॉय म्हणाला. तू एकदा बाहेर आलास, आमच्याकडे न पाहता आत गेलास. दुपारी बाबांचा श्वास थांबला, तिथंच, आईच्या खांद्यावर. काका अजून ठणठणीत आहेत, असोत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. मी गप्प राहिले ते तुझी कीव येऊन. वाटायचं, हा आतून जळत असेल, आपण कशाला आणखी डिवचायचं. निबंध वाचला आणि कळलं, तुझ्या आत जळण्यासारखं काही नव्हतंच. त्यात बाबाही आहेत, शेखर. उशिरा आलेल्यांत.

रविवारी बुलडाण्यात तुझा सत्कार आहे आणि 'स्थानिक सहकारी' म्हणून मी स्टेजवर बसावं, असा तुझा निरोप आला. शोभेला एक आंबेडकरी बाई हवीच, नाही का? निबंधावरचं माझं नाव काढायला मी संपादकांना कळवलंय, मुलाखतींची रेकॉर्डिंगही पाठवलीत. पण सत्काराला येते. तुझं ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता ती थांबली आणि म्हणाली, "आमी उशिरा गेलो म्हन्ते? मंग फाटकापाशी कोन बसून होतं? मले ने तिथं. मीच इचारीन त्याले." म्हणून हे पत्र, आधी सांगितलं नाही असं तुला म्हणता येऊ नये. ती येतेय, पुंजाजी येताहेत, गाडीत मावतील तेवढे सगळे येताहेत. आई माईक मागेल. तो दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस. स्टेजवरून खाली उतर आणि स्वतः तिच्या हातात दे.

कधीकाळी तुझीच होते ती,
समता