सात ओळींचं पत्र

सोमवार, ४ मार्च
नव्या पाकिटांचा डिंक कडू आहे. ही नोंद इतिहासासाठी. आज सव्वीस पाकिटं चाटून चिकटवली. एकविसाव्यानंतर चहासुद्धा कडू लागला. चोवीस वर्षं कंपनीची पत्रं लिहून शब्दांची उपासना केलेल्या जिभेला हे प्रायश्चित्त! भांडारवाल्याकडे लेखी तक्रार केली. तो म्हणाला, "काका, त्यासाठी ओला स्पंज असतो." असतो म्हणे!

मंगळवार, ५ मार्च
आभाळ कोसळलं. आम्ही पाण्याचे पंप बनवतो, आणि आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहरातलं मोठं रुग्णालय. चाळीस पंपांची मागणी. पहिले दहा पोहोचले, त्यातले तीन गळले. तिथल्या खरेदी अधिकारी बाईंचं पत्र — आठ दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर मागणी रद्द. मागणी गेली की दुसरी पाळी बंद, अठरा माणसं घरी.
साहेब म्हणाले, "पंडित, आता सगळं तुमच्या लेखणीवर." एरवी हाच माणूस माझ्या लेखणीला 'शाईचा खर्च' म्हणतो!

बुधवार, ६ मार्च
आमच्याकडे पत्र तीन टेबलांवरून फिरतं, आणि प्रत्येक टेबल त्यात आपली भर घालतं. विक्रीने 'दीर्घ स्नेहसंबंध' घातले, कारखान्याने 'वाहतुकीतील हादरे', साहेबांनी 'आपल्या कृपेचे अभिलाषी'. मंगलाचरणापासून फलश्रुतीपर्यंत सगळं यथासांग; गळती तेवढी तिसऱ्या पानावर.
घरी हिला वाचून दाखवलं. पहिल्या पानातच ती भाजी निवडायला लागली.
"अहो, चूक तुमचीच ना?"
"हो."
"मग आधी ते सांगा की! ती बाई काय तुमचं पुराण ऐकायला बसलीय?"

गुरुवार, ७ मार्च
सात ओळी! पहिली — 'पंप गळले, चूक आमची आहे.' मग कारण: आतल्या रबरी चकत्यांचा एक गठ्ठा कच्चा निघाला. मग उपाय: दहाही पंप परत नेऊ, चाळीसच्या चाळीस उघडून, नवी चकती घालूनच पाठवू. शेवटी फोरमनचा फोन नंबर. कृपा नाही, अभिलाषा नाही.
साहेब पांढरे पडले. "लेखी कबुली? पंडित, वेड लागलंय का?"
म्हटलं, "साहेब, पाणी त्यांच्या फरशीवर आहे. आपण नाही म्हटल्याने ते वाळणार आहे का?"
सही केली! तोंड फिरवून केली, पण केली.

बुधवार, १३ मार्च
जिंकलो! बाईंचा फोन — खुद्द मला! "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ लिहिलंय. चाळीस पाठवाच, वर आणखी वीस." दुसऱ्या पाळीवाल्यांनी मला खांद्यावर घ्यायचं ठरवलं होतं, माझ्याकडे नीट पाहून चहावर भागवलं. विक्रीवाला सगळ्यांना सांगत फिरतोय, पत्राची कल्पना त्याचीच. ही म्हणाली, "सही कुणाची आहे खाली? माझी हवी होती!" खरं आहे. पण हिच्यासमोर कबूल करण्याइतका मी अजून सुधारलेलो नाही.

शुक्रवार, १५ मार्च
पत्र काचेच्या चौकटीत! साहेबांच्या डोक्यावर टांगलंय. जाता-येता उगाच फाईल घेऊन आत डोकावतो.

मंगळवार, १९ मार्च
चाळीस पंप भरून गाडी फाटकाबाहेर पडली. टाळ्या! बाईंनी न तपासता ताब्यात घेतले — "तुम्ही लिहिलंत ना, मग झालं."

बुधवार, २० मार्च
फोरमनला सहज विचारलं, चाळीस पंप इतक्यात उघडून झाले? "परत आलेले दहा उघडले की, काका. बाकी तिसांना कोण हात लावणार? तुमच्या पत्रानेच काम फत्ते झालं!"
तीस पंप तसेच गेले. बाईंना आता काय कळवायचं ते मला ठाऊक आहे. अठरा माणसं घरी बसतील, हेही ठाऊक आहे. पहिली ओळ सुचली आहे. ती लिहायचा धीर मला होणार नाही, याची भीती वाटते.