सात भोकांचा डबा

सर, परवा तुमचा तो तेलाचा डबा फार आठवला. कँटीनमधून मागून आणलेला, एका बाजूला खालून वर खिळ्याने सात भोकं पाडलेला. टेबलावर ठेवून तुम्ही त्यात पाणी ओतताय आणि खालच्या भोकापासून एकेक धार सुरू होतेय. पाणी चढतं ते सलग, पण भोक सांगणार एवढंच, ओलं की कोरडं. त्या सात उत्तरांवरून सर्किटने आकडा काढायचा, असं तुम्ही समजावत होता. मी मागच्या बाकावरून म्हणालो, वरचं भोक ओलं आणि खालचं कोरडं असं कधी होणारच नाही, मग ते तपासायचं कशाला, सर्किटमधले ते तपासणारे गेट उडवून टाकू. वर्ग हसला. तुम्ही खडूचा तुकडा घेतला आणि दुसऱ्या भोकात खुपसला. तिसऱ्यातून धार चालूच, दुसरं कोरडं. "होतच नाही म्हनतं ना तू? मंग हे काय होऊन राह्यलं? कमी कर बाबू, पन आपल्याले पटत नाही म्हनून कमी नको करू." हसणं माझ्यावर उलटलं. त्या रागात मी तुमचं नाव डबामास्तर पाडलं आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत ते कॉलेजात चाललं. तुमच्या कानावर ते गेलेलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता मी कापसातला ओलावा मोजणारं यंत्र बनवतो. मुठीत मावणारं. मुठीत मावावं म्हणून दिसेल ते छाटलं. चिप लहान, जागा कमी, आणि ते तपासणीचे गेट पुन्हा माझ्या डोळ्यांत खुपले. आत तुमची सात भोकंच आहेत, फक्त पाण्याऐवजी कापसाच्या ओलाव्याप्रमाणे विजेचा दाब चढतो. वरचं ओलं, खालचं कोरडं होत नाही, असं धरून मी ते उडवले. यंत्र देखणं झालं. चार ठिकाणी मिरवलंही.

दिवाळीनंतर महागावकडच्या एका जिनिंगवर, सरकी-रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, ते दाखवायला गेलो होतो. जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी गाडीभर कापूस घेऊन आली. दोनपर्यंत आकडा आला तर माल कोरडा, पुढे ओला. यंत्राने चार दाखवले. वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे असतात, त्यामुळे जिनिंगचा माणूस सरळच म्हणाला, "मावशी, पानी मारलं काय?"

"नाही जी. चार दिस उन्हात वाळवला." तिने कापसातून एक सरकी काढून दाताखाली धरली. कट्ट वाजली. दुसरी माझ्यापुढे केली. "घ्या साहेब, तुमी चावून पाहा."

मी घाटंजीचा, सर, कापसातच वाढलेला. सरकी कोरडी असली की वाजते आणि ओली असली की नुसती दबते, हे मला आईने शाळेआधी शिकवलं होतं. तो आवाज मी ऐकला होता. पण भोवती माणसं बघत होती आणि यंत्र माझं होतं. मी हात पुढे केला नाही. म्हणालो, "मावशी, यंत्र खोटं नाही बोलत." मग ती सरकी तिने पुन्हा कापसात टाकली आणि गाडी वळवायला सांगितली. मागून कोणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं. चौथ्या भोकाच्या जागी जो भाग होता, त्यात जिनिंगची रुई दमट होऊन चिकटली होती, तो कायमचा ओलं सांगत होता. तिसरा कोरडं, चौथा ओलं. माझ्या छाटलेल्या सर्किटने खालचं न तपासता सगळ्यात वरचं ओलं तेवढं धरलं आणि दोनाचे चार केले होते. गेट परत घातले, चिप मोठी घेतली, डबी थोडी जाड झाली. जिनिंगवाल्यांना सांगितलं, नवीन मॉडेल आलंय. म्हातारीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. मला माझी लाज वाटते, सर. जेवताना दाताखाली काही कट्ट वाजलं की घास तोंडातच फिरतो.

तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. तुमच्या तेरवीलाही मी आलो नव्हतो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. माफी मागायची आहे ती तिची, आणि मागतोय तुमची, कारण तुम्ही काही आता खडू घेऊन उठणार नाही. तिच्या तांड्यापर्यंत रस्ता आहे, मी विचारून ठेवलंय. अजून गेलो नाही.