हरवलेल्या लघुग्रहाचं नाव

१५ जून १९८७, जळगाव

जमलं! १९५३ साली चार-दोन दिवस दिसून हरवलेला लघुग्रह आणि १९८१ साली सापडलेला, दोन्ही एकच! दोन वर्षं शाळा सुटली की लॉगटेबल घेऊन बसत होते. माझ्यासोबत शिकवणारे बन्सीलाल सर हसायचे. आज परदेशातल्या वेधशाळेतून पत्र. तो शोधणारे शास्त्रज्ञ लिहितात — तुमच्या गणिताने कक्षा पक्की झाली, क्रमांक मिळाला. नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा, तो मी तुम्हाला देतो.

मला! मंदा बिऱ्हाडेला!

१७ जून

पत्रासोबत नियम आहेत. नाव सोळा अक्षरांच्या आत. पाळीव जनावरांची नकोत. पुढारी असेल तर जाऊन शंभर वर्षं झालेली हवीत. नावाचा अर्थ थोडक्यात लिहायचा. मग समिती ठरवणार.

मुख्याध्यापकांना शाळेच्या संस्थापकांचं नाव हवं होतं. पण संस्थापक दोनदा आमदार. नियम दाखवला.

२१ जून, धरणगाव

आईला म्हटलं, तुझं नाव देते. जिनिंग मिलमध्ये तीस वर्षं कापूस निवडला तिने, तेव्हा मी बी.एस्सी. झाले. ती चुलीपुढून उठलीच.

"मनं नाव नको. भीकनं नाव शे ते."

तिच्या आधीची तीन भावंडं गेली. ही तरी राहावी, मरणाला वाटावं टाकाऊ आहे, म्हणून आजीने 'भिकू' ठेवलं. हे मला ठाऊक होतं. पण मुकादमाला, रेशनवाल्याला नाव सांगताना तिची मान कायम खाली जायची — हे आज कळलं. पन्नास वर्षं!

मी म्हटलं, "आई, त्या नावानेच तुला राखलं ना?"

तिने भाकरी वाढली.

२२ जून

सकाळी एसटी स्टँडवर सोडायला आली. गाडी सुटता सुटता म्हणाली, "लिखी टाक. पन अर्थ बराबर लिखजो."

२८ जून

सात वेळा खोडलं. शेवटी एवढंच — 'भिकुबाई : कापूस निवडणारी, नाव सुचवणारीची आई. आधीची भावंडं वाचली नाहीत म्हणून मृत्यूपासून लपवायला ठेवलेलं नाव. ती जगली.'

पोस्टात टाकलं.

९ फेब्रुवारी १९८८

अजून काही नाही.

३० एप्रिल, धरणगाव

मंजूर! समितीच्या परिपत्रकात छापून आलं, अर्थासकट! शाळेतून थेट गाडी पकडली. आईला वाचून दाखवलं. नाव नेमकं कुठे ते विचारून त्यावर बोट ठेवलं तिने. मग कागद घेऊन निघाली, मला मागे टाकून. घरोघर. प्रत्येक दारात आधी स्वतःचं नाव सांगत होती — ताठ उभी राहून.

१९ मे

आईच्या शेजारच्या धुरपदाबाईंच्या सुनेला मुलगी झाली. पहिलंच मूल, धडधाकट. नाव ठेवलं — भिकू.