वाखाची फिन

आप्पा, पोटमाळ्यावरचा तुमचा दोर वळायचा वाख मी वापरला. पोत्यात बांधून ठेवलेल्या दोन्ही पेंढ्या खाली काढल्या, धूळ झटकली आणि कॉलेजात घेऊन गेले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होतील आता. तेवढ्या वर्षांत त्या पोत्याला कुणी हात लावला नव्हता. आईनं उंदरांच्या भीतीनं आत कडुनिंबाचा पाला घातला होता, त्याचा चुरा झालाय. वाख मात्र जसाच्या तसा होता. पांढरा, कोरडा, दीड-दोन हात लांब आणि एकही धागा कुजलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचंय ते यावरच अवलंबून आहे.

कशासाठी वापरला ते ऐकून तुम्ही हसाल. रॉकेटसाठी. दिवाळीतलं नव्हे. मी राहात्याजवळच्या ज्या तंत्रनिकेतनात शिकवते तिथल्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलींनी या वर्षी प्रकल्प म्हणून छोटं रॉकेट करायला घेतलं. पुठ्ठ्याची हातभर नळी, आत विकत आणलेली दारूची कांडी, वर पॅराशूट आणि बुडाशी तीन पातळ पंख, ज्यांना फिन म्हणतात. पतंगाला शेपूट नसली की तो गिरक्या घेतो, तसं रॉकेटला फिन नसल्या की ते कुठंही जातं. या फिन्स एरवी पातळ लाकडाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या करतात. आपल्या भागातला धागा आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट रस, यांची करून बघू, असं मुलींचं म्हणणं. केळीचा धागा, अंबाडी, उसाचं चिपाड अशी नावं निघाली. बैठकीत मीच बोलून बसले, घायपाताचा वाख घ्या, माझ्याकडं आहे. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, मग गाइड तुम्हीच व्हा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलींनी विचारलं, मॅडम, कुठून मिळाला? मी म्हणाले, सोनईकडचा आहे, गावाकडं एकाकडं पडून होता.

एकाकडं. असं का म्हणाले ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मला आठवतात ते वाख काढायचे दिवस. बांधावरची घायपाताची पानं तुम्ही कापून आणायचे, ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून कुजवायचे. त्याचा वास आठ-आठ दिवस केसांतून जात नसे. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मुलगी त्या दिवसांत बरोबर पुढच्या बाकावर जायची, वास गेला की परत यायची. तिचा मला राग नव्हता, माझंही नाक होतंच. मग तुम्ही पानं बडवायचे, धुवायचे आणि धागा वलणीवर उन्हात टाकायचे. चार दिवसांत वाळला असं मला वाटायचं. तुम्ही मुठीत दाबून, गालाला लावून बघायचे आणि म्हणायचे, "न्हाई, अजून दोन ऊन दे." एकदा पावसाची चिन्हं होती आणि पोळा तोंडावर आलेला. आख्खं गाव बैलांना नवे कासरे घेणार, तरी तुम्ही ओलसर राहिलेली पेंढी पिळायला घेतली नाही. चुलीपाशी टाकली आणि जाळायला वापरली. आई किती बोलली. सुंभ जळालं तरी पीळ जळत नाही, असं ती तुमच्याकडं बघून म्हणाली आणि तुम्ही जेवत राहिलात.

पीळ घालायला मला बसवलंत तेव्हा मी चौथीत असेन. तुमच्या उजव्या गुडघ्याशी पाण्याचं पितळी भांडं. धागा घ्यायचा, बोटं बुडवायची, पीळ द्यायचा. मी दोन-चारदा बोटं न बुडवताच पिळायला गेले आणि तुम्ही दोराचं टोक माझ्या मनगटावर मारलंत. "हात कोरडा हाय तुजा. पानी लाव. कोरड्या हाताला वाख ऐकत न्हाई." लागलं नव्हतं फार. पण त्यानंतर मी कधी कोरड्या हातानं वाख धरला नाही. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं झालं तरी ती सवय बोटांत राहिली, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसरा दिवस आठवतो तो माझ्या पहिल्या नोकरीतला. मी सुट्टीला घरी आले ती गाईसाठी नायलॉनचा कासरा घेऊन, हिरवा-केशरी. तुम्ही ओट्यावर वाख विंचरत बसला होता. मी म्हणाले, "आप्पा, हा दहा वर्षं तुटायचा न्हाई. तुमच्या दोराला आता बाजारात कोण विचारतंय?" मी ते प्रेमानंच म्हणाले होते, तुमचे हात सोलवटलेले बघवत नव्हते म्हणून. तुम्ही "व्हय" म्हणालात. कासरा हातात घेऊन ताणून बघितलात, गोठ्यात जाऊन गाईला बांधलात. मग समोरच्या दोन पेंढ्या पोत्यात घातल्यात आणि पोटमाळ्यावर टाकल्यात. त्यानंतर तुम्ही दोर वळला नाहीत. मी सांगितलं म्हणून, की बाजारच उठला होता म्हणून, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. म्हणून आप्पा, मला तो वाख उडायला हवा होता. मुलींच्या मार्कांचं मला तितकंसं काही नव्हतं. तुमचा वाख टिकतो, हे मला चार लोकांसमोर दिसायला हवं होतं.

काचेवर प्लॅस्टिक अंथरून वाखाचे धागे सरळ मांडायचे, वर रेझिन ओतायचं, त्यावर धाग्यांचा दुसरा थर आडवा, पुन्हा रेझिन, मग वर वजन ठेवून एक दिवस दाबायचं. घट्ट झालेल्या फळीतून फिन कापायची. मुलींच्या हातून धागे सरळ पडेनात, म्हणून मांडायचं काम मीच घेतलं. त्या बघत राहायच्या आणि कौतुक करायच्या. फळी दिसायलाही सुरेख झाली, मधाच्या रंगाची. इथं जवळ विमानतळ असल्यानं रॉकेट उडवायच्या परवानगीची भानगड, म्हणून रीतसर विचारून आम्ही नेवाशाकडच्या एका मोकळ्या माळावर गेलो. रॉकेट सुटलं, जेमतेम झाडाच्या उंचीवर गेलं आणि एक फिन पापडासारखी उकलली. मग ते जे फिरलं ते थेट बाभळीत. विभागप्रमुख सोबत आले होते. त्यांनी तुटकी फिन हातात घेतली, थरांच्या मधून धागा अलगद ओढून काढला. त्याला रेझिन चिकटलंच नव्हतं. "काय झालं मॅडम?" मी म्हणाले, "सर, वाख फार जुना आहे." तेव्हा मला निम्मं तरी तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुली तासाला गेल्या होत्या. मी कार्यशाळेत एकटीच नवा थर मांडायला बसले. तीन-चार धागे मांडले असतील आणि माझं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. बोटं वाटीत होती. टेबलाच्या उजव्या कडेला स्टीलची वाटी, पाण्यानं भरलेली. रोज सकाळी ती मीच भरून ठेवत होते. मुलींना वाटत होतं, रेझिन लागलं तर हात धुवायला असेल. मी प्रत्येक धागा ओल्या बोटांनी सरळ करून मांडत होते आणि ओल्या धाग्याला रेझिन धरत नाही. हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवते. दोर वळणाऱ्याच्या पोरीशिवाय ही चूक जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. मी वाटी मोरीत ओतली. हसूही आलं आणि लाजही वाटली. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण तुमचं.

त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं, एका वाक्याचं काम होतं. पण मुली आल्या तेव्हा मी म्हणाले, जुन्या धाग्यात दमटपणा मुरला असणार, आपण वेल्डिंगच्या कांड्या सुकवायच्या भट्टीत तो सुकवून घेऊ. सुकवला. नंतर कोरड्या हातानं मांडला. ते मला फार जड गेलं, तीनदा हात वाटीच्या जागी जाऊन आला. उरलेला सगळा वाख त्यात संपला. आणि आप्पा, त्या फिन्स टिकल्या. तिन्ही. रॉकेट सरळ गेलं, इतकं वर की माळावर सगळे कपाळावर हात धरून बघत राहिले. पॅराशूट उघडलं आणि ते हरभऱ्याच्या रानात उतरलं. सरांनी फिन दोन्ही हातांनी वाकवून बघितली, मोडली नाही. "चिवट आहे हो हे," ते म्हणाले. मी रानाच्या कडेला जाऊन डोळे पुसले. कुणी विचारलं असतं तर धूळ गेली म्हणाले असते.

हे पत्र जर्नलच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. ते कुठं टाकायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. परवा मुलींनी अहवाल सहीसाठी आणला. चौघींतली जी सगळ्यात हुशार, राजूरची, तिनं पहिल्या फिन्स का उकलल्या यावर दोन पानं लिहिली होती. वाख मुळात नीट वाळवलेला नव्हता, भट्टीत सुकवल्यावर दोष गेला, असं. तिचं गणित बरोबर होतं. मी दिलेल्या माहितीवर दुसरं काही निघालंच नसतं. "वाख ज्यानं काढला ना मॅडम," ती म्हणाली, "त्या मान्सानं आळस केला आसंल. दोन ऊनं जास्त दिली आसती तर आपलं पहिलंच रॉकेट गेलं आसतं." पेन माझ्या हातात होतं. मी "असेल" म्हणाले आणि सही केली.