घड्याळ काढणारा

शनिवार, ४ जानेवारी २०२५
गॅविनचा पिक्चर येतोय! टीव्हीवरच्या त्या खुनाच्या सिरीयलचा आता मोठा पिक्चर करतायत, नि खुनी आमचाच नातू. हीरो बदलला, इन्स्पेक्टर बदलला, खुनी तोच. सिरीयलीत शेवटी तो पळतो, सापडतच नाही — म्हणून तर पिक्चर! मी लगेच मैद्याचे गोड फुगे तळले, अख्ख्या आळीत वाटले. शेजारची ॲन्ड्रिया म्हणते, "पोरगा खुनी झाला म्हणून कोण फुगे वाटतं गं?" मी वाटते! पीठ मात्र नीट फुगलं नव्हतं, थंडी आहे ना.

सिरीयल मी पाहिलेलीच नाही. मोतीबिंदू होता. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं, ॲन्ड्रिया मोबाइलवर लावून देणार.

सोमवार, ६
बाजाराला जाताना बोटीत पोरं मला बघून हातातलं घड्याळ काढतात. "माय, काढू का घड्याळ?" नि खी खी हसतात. खुनी मारायच्या आधी तसं करतो म्हणे. लई फेमस झालंय. मीपण हसले.

मंगळवार, ७
तीन भाग पाहिले. चौथा मी ॲन्ड्रियाला लावू दिला नाही.

गॅविन घड्याळाचा पट्टा सोडतो. दोनदा चावी फिरवतो. रुमाल पसरतो, त्यावर घड्याळ उलटं ठेवतो. हळू, काच जपून. जगात असं एकच माणूस करायचा. रोनाल्ड. माझा नवरा. जाऊन अकरा वर्षं झाली.

घड्याळ सुटलं की मी गॅविनला पिटाळायची — "पळ, पाव आण!" सहा वर्षांचा होता, आईबाप कुवेतला, माझ्याच पदरात. त्यानं काही पाहिलं नाही. माझं तोंड सुजलं की दार लागलं म्हणायची. पाव मात्र नेहमी गार आणायचा. बेकरी दोन मिनिटांवर, भट्टीतला पाव गार कसा होतो? खेळत बसायचा कुठेतरी. त्यावरून मीच त्याला ओरडायची.

बुधवार, ८
घड्याळ काय, सगळेच काढतात.

शनिवार, ११
गॅविन आला. दाढी वाढवलीय, गालफडं बसलीत. जेवता जेवता म्हणाला, "माय, आजोबांचं घड्याळ आहे ना गं? पिक्चरला तेच वापरतो."
म्हटलं, हरवलं. खोटं! तांदळाच्या डब्यात आहे, रुमालात बांधलेलं.
मग न राहवून विचारलं, "ते रुमालावर ठेवायचं तुला डायरेक्टरनं शिकवलं का रे?"
पोरगा ताटात भात चिवडत बसला. मग म्हणाला, "माय, माझे पाव गार असायचे ना?"
मी म्हटलं, त्याचं आता काय?
"बेकरीतून पळत यायचो. मग खिडकीखाली उभा राहायचो. आतला आवाज थांबेपर्यंत."
मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली.
मागून म्हणाला, "सोमवारी सही आहे. तू नको म्हणालीस तर सोडतो."
एवढा मोठा पिक्चर!

रविवार, १२
चर्चमधल्या मिस्साहून आले. तांदळातून घड्याळ काढलं, पुसलं, गॅविनच्या हातात दिलं. रुमाल चुलीत घातला.

म्हटलं, कर. पण ह्या वेळी पकडला जा.