पाकळीचं बटण आणि माझी पोरगी

काल रात्रभर डोळा लागला नाही. उद्या सकाळी माझं पोट चिरून बाळ काढणार आहेत, आणि पहिल्या वेळी माझं रक्त थांबता थांबत नव्हतं. भीती वाटते म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, चुका असतील. पण डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी जबरदस्तीने लिहून घेतलेलं नाही. माझ्यामागे असंच करावं.

एक. बटणं पाडायचा हातप्रेस आणि पाकळीचा साचा माझा आहे, वडिलांनी लग्नात दिलेला. तो पोरीला. भंगारात घालायचा नाही. साच्यात चार भोकांपैकी एक जरा बाहेर गेलंय. पोरगी पोटात असताना साच्याची झिजलेली भोकं मी नव्याने पाडत होते, चक्कर आली आणि हात सरकला. तरी गिऱ्हाइकांना तेच बटण आवडायचं.

दोन. जाऊबाई. गेल्या वर्षी त्या म्हणाल्या, "अगं, तुझं बटणं टाचलेलं नमुन्याचं कार्ड दोन दिवस दे, एकाला दाखवते." दिलं. मग केंद्र सरकारने बाहेरच्या देशातून येणाऱ्या बटणांवरचा कर उठवला आणि तीन महिन्यांत त्यांच्या बटणांच्या दुकानात तिकडून खोकी आली. पाकळीची बटणं, अर्ध्या भावात. मी एक उलटं करून बघितलं. तेच भोक, तेवढंच बाहेर.

मी म्हटलं, "ताई, हे माझं आहे."

"बटणावर नाव लिहिलंय का तुझं?" म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

आमच्या गल्लीत बटणांचे अकरा कारखाने होते, दोन उरले. रंग विकणारा आता रिक्षा चालवतो. शिंप्यांना स्वस्त पडतं, त्यांना मी बोल लावत नाही. कर उठवणाऱ्यांना मी कधी बघितलं नाही, म्हणून माझा सगळा राग जाऊबाईंवर. खरं लिहिते, जळते मी. त्यांच्या काचेच्या दारावर जळते, दुकानातल्या गार हवेवर जळते. माझा नवरा आता तिथेच खोकी फोडतो. तो त्यांना नाही म्हणूच शकत नाही.

त्यांना माझी एकही साडी देऊ नये. त्यांना शोभेल, म्हणून.

तीन. पोरगी साडेचार वर्षांची आहे. जाऊबाईंना ती मोठीआई म्हणायची. गेल्या रविवारी त्यांच्या मांडीवर बसून नुसतं 'आई' म्हणाली. मी दारातच उभी होते. जाऊबाईंना मूल नाही. मी नसले तर त्या पोरीला मागतील आणि माझा नवरा हो म्हणेल. त्या तिला चांगलं सांभाळतील, मला माहीत आहे. तेच मला सोसत नाही. पोरगी माझ्या भावाकडे जावी. बाळ जगलं तर तेही.

साक्षीदार: वॉर्डातली आया. ("काही होत नाही गं तुला," म्हणाली, तरी सही केली.) शेजारच्या खाटेवरची जुळ्यांची आई, अंगठा.

ठिकाण: बाळंतिणींचा वॉर्ड, खाट सात. नऊ तारीख, बुधवार, दुपार. खाली माझी सही.

हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याने माझ्या भावाला फोन करावा. नंबर मागे लिहिलाय. तो ट्रक चालवतो, अनोळखी नंबर उचलत नाही, म्हणून दोनदा लावा. सांगा, पोरीला न्यायला ये. आणि मी उठून बसलेली दिसले तरी फोन करा. सांगा, बहिणीला भेटायला ये.