कुलपापर्यंत गेलेला निरोप

एकोडी

प्रिय लीलाबाई,

धाकट्या हिरालालचा मनापासून जय भीम. आम्ही सारे बरे आहोत. तुझी छाती आता दुखते का, एवढंच विचारायला पुढचा सगळा उपद्व्याप झाला.

वादळात मोबाईलचा टॉवर पडला. आपले जावई अंकुश मास्तर यांच्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे (मी आजवर त्याला खूळ म्हणत होतो, त्यांना सांगू नको). मोहाच्या झाडाला तार बांधून ते बोलतात आणि एकाने ऐकलेलं दुसरा पुढे सांगतो. एकोडीहून नागपूर, तिथून वर्धा, मग तुमचं चंद्रपूर. तिथला माणूस तुझ्या दारी येणार. जावई म्हणाले, "मामाजी, थोडक्यात सांगा." मी म्हटलं, "लोकाइच्या आंगणातून जाऊन राहिलो बापू, तब्येत नाही पुसाची काय?" शेवटी वाटेवरच्या प्रत्येकाची खुशाली निरोपात घातलीच.

पहाटे रेडिओतून तलावावर पाऊस पडावा तसा आवाज येत होता. मला वाटलं, माझा प्रश्न चपला हातात घेऊन धानाच्या बांध्यांमधून, वैनगंगेवरून, बगळ्यांच्या थोडा खालून चालला आहे. मग उत्तरं परतू लागली. नागपूरच्या साहेबांचा गुडघा बरा आहे. वर्ध्याच्या बाईंच्या सुनेला मुलगी झाली (तुझ्या भावजयीने इथे साखर वाटली). चंद्रपूरच्या माणसाचा खोकला थांबला. तुझ्याबद्दल मात्र एवढंच, की दाराला कुलूप आहे.

तेव्हापासून डोळा लागला की ते कुलूप दिसतं. कधी तू पापडांचा डबा घेऊन लेकाकडे, मनिषकडे गेलेली दिसतेस. दुसरं काही मी दिसू देत नाही, उठून बसतो. हे पत्र पोस्टमन दाराखालून सरकवेल, म्हणून लिहिलं.

तुझा,
हिरालाल

ता.क. टॉवर कालच उभा झाला. फोन लागतो, पण मी लावत नाही. फोनात मधे कोणीच नसतं, जे असेल ते एकदम कानात येतं. रेडिओवरची बातमी तीन घरी पाणी पिऊन येते.

आणखी एक. वर्ध्याच्या बाई रोज जावयांना विचारतात, "एकोडीच्या बाबांच्या बहिणीचं कळलं का?" त्यांच्यासाठी तरी तूच फोन कर. तब्येतीचं सांगू नको. नुसती रागव, "हिऱ्या, कायले जीव खाऊन राहिला?" मी समजून घेईन.